अट कागदावर, कुलूप वाटेवर

दोस्तांनो, किनाऱ्यावर मोठं रिसॉर्ट येतं तेव्हा बुलडोझरच्या आधी कागद येतो. परवानगीचा. त्या कागदाच्या पोटात अटी असतात. पाच असतील, पंधरा असतील, चाळीसही असतील. अमुक करू नये, तमुक करावे, अन्यथा परवानगी रद्द समजण्यात येईल. वाचणाऱ्याला वाटावं, सरकार फार कडक आहे बुवा. शेठचे हातपाय बांधूनच त्याला समुद्रावर सोडलंय.

फेब्रुवारी १९९१ मध्ये केंद्र सरकारने किनारा नियमनाची पहिली अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमाखाली आणला. तिला हॉटेलांसाठी एक वेगळं परिशिष्ट जोडलेलं होतं. ते आपल्यातल्या प्रत्येकाने एकदा वाचावं. वाळूच्या टेकड्या सपाट करायच्या नाहीत. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत जमिनीतलं पाणी उपसायचं नाही. तळमजला आणि वर एक मजला, एवढंच बांधायचं, नऊ मीटरच्या वर जायचं नाही. आणि दोन हॉटेलांच्या मधे निदान २० मीटर रुंदीची मोकळी जागा ठेवायची, लोकांना किनाऱ्यावर जाता यावं म्हणून. त्याच वाक्याचं शेपूट असं, की अशा दोन मोकळ्या जागांमधलं अंतर ५०० मीटरपेक्षा कमी असू नये. कमी असू नये! म्हणजे लोकांना वाट द्या, पण फार जवळजवळ देऊ नका, पाहुण्यांना त्रास होतो. कायदा लिहिणाऱ्याची नजर कुणाच्या खिडकीतून समुद्राकडे बघत होती, ते या एका शेपटावरून कळतं.

ती अधिसूचना गेली, २०११ ची आली. तीही गेली, २०१९ ची आली. दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर जिथे २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नव्हतं, तिथे ती मर्यादा ५० मीटरवर आली. भरती-ओहोटी समुद्राला असते असं आपण शाळेत शिकलो. सरकारी रेघेला फक्त ओहोटीच लागलेली दिसते.

पण आज आपल्याला अटी किती कडक नि किती सैल, यावर भांडायचं नाही. आपला सवाल त्याच्या आधीचा आहे. अट कुणाची असते? ती कुणाच्या मालकीची?

गोव्याचं प्रकरण घ्या. पणजीजवळ, दोनापावलच्या बाजूला, ताळगावच्या हद्दीत वायंगिणीचा किनारा आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फोमेंतो कंपनीने तिथे बीच रिसॉर्ट काढायचं ठरवलं. सिदाद द गोवा त्याचं नाव. जमीन घेतली, नकाशे दिले, परवानगी मागितली. परवानगी मिळाली. सोबत अट मिळाली, की लोकांची किनाऱ्याकडे जाणारी वाट मोकळी ठेवायची. पुढे सरकारने इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली आणखी जमीन सक्तीने घेऊन याच कंपनीला दिली. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्याचा करार झाला. त्यातही अटी.

इथे जरा थांबा. खाजगी हॉटेलासाठी लोकांची जमीन सरकारने सक्तीने कशी घेतली? त्या कायद्यात कंपन्यांसाठी एक वेगळा भागच होता. काम लोकांच्या उपयोगाचं पाहिजे, असं तो म्हणत होता. आणि कलम ४१ म्हणत होतं, की कंपनीशी करार करताना त्या कामाचा वापर लोकांना कसा करता येईल, ते लिहून घ्या. म्हणजे वाट मोकळी ठेवण्याची अट ही सरकारने लोकांवर केलेली मेहरबानी नव्हती. ती किंमत होती. जमीन घेतली, त्याचा मोबदला मूळ मालकाला गेला. समुद्राचा जो शेजार कंपनीला मिळाला, त्याचा मोबदला म्हणजे ही वाट. हा मोबदला ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांच्या वाट्याचा. अट मोडली म्हणजे आपल्या ताटातलं उचललं. साधी गोष्ट आहे.

वाट अडली. करारात न बसणारं बांधकाम संपादित जमिनीवर उभं राहिलं. एक नागरिक आणि गोवा फाउंडेशन हायकोर्टात गेले. २००० साली मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने निकाल दिला: वाट खुली करा, जास्तीचं बांधकाम पाडा. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. म्हणाली, जमीन आमची, खरेदीखत आमचं, लोकांची वाट इथे नव्हतीच. २० जानेवारी २००९ रोजी सुप्रीम कोर्टाने कंपनीचं अपील फेटाळलं. समुद्रकिनारा, नदी, जंगल या गोष्टी सरकारच्या बापाच्या नाहीत. सरकार तिथे राखणदार आहे, लोकांसाठी. राखणदाराने राखायचं असतं, विकायचं नसतं. निकालाचा अर्थ आमच्या भाषेत एवढाच. हे तत्त्व त्या कोर्टाने १९९६ मध्ये मनालीच्या बियास नदीवरच्या एका मोटेलच्या खटल्यात मांडलं होतंच. त्या मोटेलशी तेव्हाच्या एका केंद्रीय मंत्र्याच्या कुटुंबाचा संबंध होता, हेही त्याच निकालात आहे.

तर वायंगिणीत लोक जिंकले. १९८३ चा करार, २००९ चा निकाल. मधे सव्वीस वर्षं. आता वाचा पुढचं. त्याच २००९ साली गोवा सरकारने भूसंपादन कायद्याला गोव्यापुरती दुरुस्ती केली. आधी वटहुकूम, मग कायदा. आणि दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू! कोर्टाने बेकायदा ठरवलेलं बांधकाम वाचवण्यासाठी सरकारने कॅलेंडरच उलटं फिरवलं. गोवा फाउंडेशनला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली, या वेळी खुद्द त्या कायद्याविरुद्ध.

दोस्तांनो, हा सिनेमा आपण आधी पाहिलाय. आपल्या आज्यापणज्यांनी पाहिलाय. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला: सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. छान ठराव. शिक्कामोर्तब झालेला. त्या ठरावावर तीन वर्षं धूळ बसली. तळ्यावर एकही महार, एकही चांभार गेला नाही, जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन चालत गेले, ओंजळ भरली, तेव्हा कुठे तो ठराव खरा झाला. परत येताना आपल्या लोकांची डोकी फुटली. तळ्यात शेणमूत ओतून त्याची शुद्धी झाली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

मग सनातनी कोर्टात गेले. काय म्हणाले ते? तळं खाजगी आहे, आमच्या मालकीचं आहे, इथे परक्याला हक्क नव्हताच. वायंगिणीच्या कंपनीचं म्हणणं आणि महाडच्या सनातन्यांचं म्हणणं एकाच टाइपरायटरवर टाइप केल्यासारखं आहे. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांनी.

ठराव, मग धूळ, मग पाय, मग मार, मग ठराव रद्द, मग कोर्ट. क्रम बघा. ठरावापासून कोर्टापर्यंत लोकांच्या हातात काही पडलं ते फक्त पाय पुढे पडले तेव्हा.

आता आपल्यातलेच काही जण म्हणतील, आणि म्हणतातच: अरे, हे किनारा, वाळू, कासवं, हे पांढरपेशा पर्यावरणवाल्यांचं खूळ आहे. त्यांची पोरं अमेरिकेत, ते इथे पक्षी मोजतात. आपला प्रश्न रोटीचा. रिसॉर्ट आलं तर पोरांना काम मिळेल.

या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी गोदीत ओझं उचलतो. काम म्हणजे काय ते मला पुस्तकातून शिकायचं नाही. म्हणूनच विचारतो: नोकऱ्यांचं वचन त्या कागदात कुठे आहे? सभेत आहे. मंत्र्याच्या भाषणात आहे. भूमिपूजनाच्या फलकावर आहे. अटींच्या यादीत बघा. असलंच तर ‘स्थानिकांना प्राधान्य देण्यात यावे’ एवढं. किती जणांना? कोणत्या कामावर? कायम की कंत्राटी? न दिल्यास काय? याबद्दल चकार शब्द नाही. पाहुण्यांच्या गाड्या किती उभ्या राहतील त्याचा आकडा परवानगीत असतो. आपल्या पोरांच्या नोकऱ्यांचा नसतो. आणि काम मिळतं तेव्हा कोणतं मिळतं? गटार उपसायचं, संडास धुवायचे, चादरी धुवायच्या, रात्री गेटवर उभं राहून आपल्याच गावच्या माणसाला ‘इकडून जायचं नाही’ म्हणायचं. जातीने दिलेलं काम, फक्त अंगावर युनिफॉर्म.

नोकऱ्यांचं हे गाजर जगभर एकाच भाजीवाल्याकडून येतं. स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनच्या उत्तरेला समुद्रकाठी वाळूच्या सरकत्या टेकड्या होत्या. सरकारने राखून ठेवलेल्या. तिथे डोनाल्ड ट्रम्पच्या कंपनीला गोल्फचं रिसॉर्ट पाहिजे होतं. २००७ मध्ये स्थानिक कौन्सिलच्या समितीने नकार दिला. वरच्या सरकारने फाईल आपल्याकडे ओढून घेतली, चौकशी बसवली आणि २००८ मध्ये अटींसह मंजुरी दिली. निसर्गाचं नुकसान होईल हे मान्य करून, पण आर्थिक फायदा त्याहून मोठा म्हणून. हजारो नोकऱ्या येणार होत्या. ४५० खोल्यांचं हॉटेल येणार होतं. २०१२ मध्ये गोल्फचं मैदान उघडलं. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या सरकारी निसर्ग संस्थेने जाहीर केलं, की टेकड्यांचं आता राखण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून त्यांचा संरक्षित दर्जा काढून घेत आहोत. तोवर ते ४५० खोल्यांचं हॉटेल उभं राहिलेलं नव्हतं. टेकड्या मोडून झाल्या, त्या मोडल्या म्हणून संरक्षणही गेलं. आणि शेजारचा जो माणूस आपली जमीन विकायला तयार नव्हता, त्याच्याबद्दल ट्रम्पसाहेब उघड म्हणाले, हा डुकरासारखा राहतो. गोऱ्याने गोऱ्याला दिलेली शिवी. पण आपल्या ओळखीची. ज्याची जागा पाहिजे त्याला आधी घाणेरडा ठरवायचं, ही युक्ती आपल्या गावकुसाइतकी जुनी आहे.

आता कोकणाकडे या. हा प्रश्न आपला कसा, ते इथे कळतं. कोकणात खोत होते. कूळ राबायचं, खोत खायचा. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं बिल असेंब्लीत आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा काढला. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. पण ज्यांच्या नावावर कधी काही चढलंच नव्हतं, त्यांचं काय? बौद्धवाड्या वसल्या त्या गावाच्या कडेला, खाडीच्या काठाला, दुसऱ्याच्या मेहरबानीवर. रिसॉर्टवाला येतो तेव्हा तो सातबारा बघतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याच्याशी बोलणी. त्याला पैसे, त्याच्या पोराला गाडी. ज्याचं नाव नाही, त्याच्याशी कोण बोलणार? पण तो माणूसही त्या वाटेने जात होता. खाडीत कालवं काढायला, लाकूडफाटा आणायला, मासळीची पाटी घ्यायला, मर्तिकाला. त्याचा हक्क खरेदीखतात नसतो, तो पायाखाली असतो. सबंध परवानगीत या माणसाची दखल घेणारी एकच ओळ असते: लोकांची वाट मोकळी ठेवावी. बाकी सगळ्या अटी झाडांच्या, पाण्याच्या, सिमेंटच्या. ही एक ओळ भूमिहीनाची आहे. म्हणून ती आपली आहे. पर्यावरणवाल्यांनी ती आपल्यासाठी राखावी, अशी अपेक्षा आपण का करावी?

गोदीत पेट्या येतात. पेटीवर छापलेलं असतं, ‘ही बाजू वर’. छापलंय म्हणून पेटी आपोआप सरळ उतरत नाही. टोळीतला एक तरी माणूस असा लागतो, जो उलटी पेटी दिसली की बोंब ठोकतो. नाहीतर आतला माल फुटतो आणि कागदावर सगळं ठीक असतं. परवानगीच्या अटींचं असंच आहे. अट लिहिणारा साहेब बदलीवर जातो. तपासणाऱ्या साहेबाच्या टेबलावर हजार फायली. पाळणारा तर मोडायलाच बसलेला. बोंब ठोकणारा आपल्यातलाच पाहिजे.

आणि बोंब ठोकली तर काही होतं का? होतं. केरळात वेंबनाड तलावात नेडियातुरुत्तु नावाचं बेट आहे. त्यावर काप्पिको रिसॉर्टचे ५४ व्हिला उभे राहिले. पाण्यात खांब रोवून त्यांना जाळी बांधून जगणारे तिथले मच्छीमार कोर्टात गेले. माणसं साधी, समोर कोट्यवधींचा माल. २०१३ मध्ये केरळ हायकोर्टाने सांगितलं, पाडा. जानेवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं. तरी पाडकाम सुरू व्हायला सप्टेंबर २०२२ उजाडलं. उशीर? प्रचंड. पण हातोडा पडला. तो पडला, कारण जाळीवाल्यांनी आपली तक्रार मागे घेतली नाही.

मग आपण काय करायचं? घोषणा देऊन घरी जायचं असेल तर हा अंक रद्दीत टाका. काम करायचं असेल तर ऐका.

२००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. ती मिळाल्याची जाहिरात मालकाने दोन स्थानिक वर्तमानपत्रांत द्यायची असते. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल गुप्त नसतो, सार्वजनिक असतो. कुणीही मागावा. दिला नाही तर २००५ चा माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज आहे. तेवढ्यात शेठची फाईल उघडते.

पाच-पाच जणांच्या टोळ्या करा. मुंबईतली, पुण्यातली पोरं गणपतीला, शिमग्याला गावी जातातच. एकाने इंग्रजी कागद वाचून मराठीत करावा, कारण अटी मुद्दाम अशा भाषेत असतात की वाडीतल्या म्हातारीला त्या कळू नयेत. एकाने टेप धरून मोजावं: वाट किती फूट होती, आज किती उरली. एकाने फोटो काढावेत, तारखेसह. एकाने ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवावं, आणि प्रोसिडिंगमध्ये नोंद झाली की नाही ते सही होण्याआधी बघावं. पाचव्याने वाडीतल्या बायकांना विचारावं, वाट कोणती होती. कारण नकाशात नसलेली वाट त्यांच्या डोक्यात पक्की असते.

नवी परवानगी येत असेल आणि सुनावणी असेल तर तिथेच जा. आणि मागा ते नेमकं मागा. वाटेची रुंदी आकड्यात लिहा, गट नंबरसह. वाट गावनकाशावर दाखवा. नोकऱ्या किती, त्या कोणत्या, कायम किती, ते अटीत घाला. अट मोडली तर दंड किती आणि तो भरायचा कुणी, ते घाला. आणि अटींची पाटी मराठीत, मोठ्या अक्षरात, रिसॉर्टच्या गेटवरच लावायला लावा. ‘सार्वजनिक मार्ग’ हे शब्द वॉचमनच्या डोक्यावर असले, की वॉचमनचाही आवाज खाली येतो. तोही बहुतेक आपलाच असतो.

एवढं करून वाट मिळाली, तरी काम संपत नाही. मिळालेली वाट वापरा. वापरली नाही तर दोन पावसाळ्यांत काटेरी कुंपण येतं, आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी शपथेवर सांगतो, इथे वाट नव्हतीच. दर महिन्याला जा. म्हाताऱ्यांना घेऊन जा, पोरांना घेऊन जा. पाण्यात पाय बुडवा, वाळूत बसून भाकरी खा, गाणी म्हणा, आणि अंधार पडला की त्याच वाटेने परत या. कुणी अडवलं तर मोबाईलमधला कागद दाखवा. कागद नाही म्हणाला तर महाडचं नाव सांगा.

कुलूप त्यांनी घातलंय. अट आपली आहे. चला, चालायला लागा.

जयभीम.